जपानने चीनचे सारेच उचलले नाही

महोदय,

प्राचीन जपानविषयी मराठीत लिहिताना ‘जपानने चिनी राज्यव्यवस्था आणि बौद्ध धर्म जसाच्या तसा उचलला’ असे विधान अनेकदा केले जाते. ते अपुरे आहे आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या विवेकावर अन्याय करणारेही आहे.

मुळात बौद्ध धर्म यामातो दरबारात, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या राजदरबारात, पोहोचला तो सहाव्या शतकाच्या मध्यास, कोरियातील ‘पेकचे’ नावाच्या राज्याच्या राजाने पाठवलेल्या मूर्ती व ग्रंथांसह. कोरियाचा हा वाटा आपल्याकडे बहुधा गाळलाच जातो. पुढे बौद्ध धर्माची बाजू घेणाऱ्या सोगा घराण्याने ५८७ मध्ये त्याला विरोध करणाऱ्या मोनोनोबे घराण्याचा पराभव केला, तेव्हा कुठे नव्या धर्माला भक्कम राजाश्रय मिळाला.

इ.स. ७०१ ची ताइहो ही जपानी कायदेसंहिता चीनच्या तांग राजवटीच्या कायद्यांच्या धर्तीवर रचली गेली, हे खरेच. परंतु तिच्यात प्रशासकीय मंडळाच्या जोडीला देवकार्यांसाठी एक स्वतंत्र मंडळ होते आणि चिनी व्यवस्थेत त्याला समांतर असे काही नव्हते. याहून मोठा फरक राजसत्तेच्या अधिष्ठानात होता. सदाचार गमावलेल्या घराण्याकडून ‘स्वर्गाचा आदेश’ काढून घेतला जातो आणि दुसरे घराणे गादीवर येऊ शकते, हा चिनी विचार जपानी दरबाराने पत्करला नाही. सम्राटाचा वंश सूर्यदेवता अमातेरासूपासून चालत आल्याचे त्याने ७१२ च्या ‘कोजिकी’त आणि ७२० च्या ‘निहोन शोकी’त, या दोन इतिहासग्रंथांत, नोंदवून घेतले. ही निवड सर्वस्वी स्तुत्य होती असे मी म्हणणार नाही, कारण परीक्षेतून अधिकारी निवडण्याची चिनी पद्धत नावापुरती स्वीकारून वरची पदे मात्र जन्माने उच्च असलेल्यांकडेच ठेवली गेली आणि गुणवान पण सामान्य कुळातील माणसाला त्याची किंमत मोजावी लागली.

बौद्ध धर्मालाही राज्यरक्षणाच्या कामी लावण्यात आले. देवी रोगाच्या भीषण साथीनंतर सम्राट शोमू यांनी ७४१ मध्ये प्रत्येक प्रांतात विहार उभारण्याची आज्ञा दिली. ७५२ मध्ये तेव्हाची राजधानी नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला, तो बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते, ही गोष्ट तर आपल्या पाठ्यपुस्तकांत यायलाच हवी.

या विषयावर आपल्या दैनिकात यापुढे लेख येतील तेव्हा चीनचे ऋण जरूर सांगावे. त्याबरोबरच कोरियाची मध्यस्थी आणि जपानने जाणीवपूर्वक नाकारलेल्या गोष्टींचीही नोंद घ्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक वाचक