तरोटा फुलू द्या

महोदय,

नागपूरच्या जवळपास प्रत्येक ले-आउटमध्ये सार्वजनिक वापराची मोकळी जागा असते. पोळ्याच्या सुमारास तिथे तरोटा, म्हणजे टाकळा, पिवळा फुलू लागतो, मग कुरडूचे तुरे निघतात. नेमकी तेव्हाच गवत कापायची मशीन फिरते आणि बी धरायच्या आत सगळे आडवे होते. त्या उघड्या जमिनीवर पुढच्या पावसात उगवते ते गाजरगवत!

माझी विनंती एवढीच, की अशा प्रत्येक जागेचा एक कोपरा रानफुलांसाठी राखावा आणि तिथली कापणी बी पडेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, थांबवावी. तरोट्याच्या पानांवर एमिग्रंट फुलपाखरे अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर. मुनिया पक्ष्यांना गवताचे बी लागते. एकट्याने राहणाऱ्या कितीतरी देशी मधमाश्या तर जमिनीतच बिळे करून अंडी घालतात. सिमेंटचे गट्टू बसवून जमीन झाकली की त्यांचे घरच बुजते. आपण मात्र ४५ अंशांच्या उन्हात लॉनला पाणी घालत बसतो. रानफुलांना पावसाळ्याचे पाणी पुरते.

गाजरगवतावरही तरोटा हाच उपाय आहे. जबलपूरची तण संशोधन संस्था तरोट्याचे बी हिवाळ्याच्या तोंडाशी गोळा करून पावसाळ्याआधी फेकायला सांगते. दाट उगवलेला तरोटा गाजरगवताला वर येऊ देत नाही. उरलेले गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हे काम मुलांवर सोपवू नये. शिवाय कोवळ्या तरोट्याची भाजी आपल्याकडे नवीन नाही. तणनाशक मारले नाही, तर तीही मिळेल.

बाजारातल्या विदेशी फुलांच्या बियांची पाकिटे मात्र कृपया उधळू नका. पिवळा कॉसमॉस दिसायला छान असतो, पण राज्यात अनेक ठिकाणी तो माळरानांवर पसरून देशी झाडोऱ्याची जागा घेतो आहे.

सापांची भीती रहिवाशांना वाटते आणि ती खरी आहे. त्यासाठी पायवाटेलगतची दोन-तीन फूट पट्टी नियमित कापावी आणि कोपऱ्यात कचरा टाकू नये, कारण कचऱ्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

यंदाच्या कापणीचे वेळापत्रक ठरवण्याआधी प्रशासनाने ले-आउटच्या रहिवाशांशी बोलावे. कोपरा आखून द्यायला, पाटी लावायला आणि गाजरगवत उपटायला आम्ही तयार आहोत.

— एक वाचक, नागपूर