विदर्भाकडेही पर्यटकांनी वळावे

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्या कोकण आणि महाबळेश्वरने भरून जातात. कोकणाचे आकर्षण निर्विवाद आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्गला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि तिथे पोहोचणे सोपे झाले. विदर्भाच्या वाट्याला मात्र ताडोब्यातील वाघ वगळता फारसे काही येत नाही, याची मनापासून खंत वाटते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले असून त्याचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. २०२० मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत समावेश झाला. काठच्या झाडीत जुनी देवळे आहेत आणि गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीवकाम पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. गडचिरोली जिल्ह्यात मार्कंडा येथे उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी उभा असलेला मंदिरसमूह तर मुद्दाम वाट वाकडी करून पाहावा असा आहे. चिखलदरा, तिथली कॉफी आणि जवळचा गाविलगड आहेतच.

कोकणात समुद्र स्वतःच माणसाला बोलावतो. लोणार किंवा मार्कंडा मात्र जाणकाराने समजावून सांगितल्याशिवाय पुरते उलगडत नाही. विदर्भाचा उन्हाळा असह्य असतो, हे मान्य. परंतु हिवाळा अतिशय सुखद असतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या पुरवणीत या स्थळांची, तेथील मुक्कामाच्या आणि एसटीच्या सोयींसह, सविस्तर माहिती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, अमरावती