विषय: गळका एल्बो आणि "बोट आहे ना, मग पाणी तर येणारच"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग (किंवा हे मेल जो कोणी पूर्ण वाचेल तो)

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय. ठेवलाय म्हणजे तिकडून कट झाला, मी बोलत होतो. त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू दे, सरळ मुद्द्यावर येतो.

तुमचा तो करड्या रंगाचा 15 एमएमचा पुश-फिट एल्बो, पाईप काटकोनात वळवणारा जोड. तुम्हीच बनवता, तेव्हा आत काय असतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही असं मी धरून चाललोय, जरी तुमच्या फोनवरच्या मंडळींना ते मलाच सांगावं लागलं. पाईप आत ढकलायचा, कॉलेटचे, म्हणजे तोंडाशी असलेल्या कड्याचे, स्टीलचे दात पाईपला धरतात, मागची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, पाणी अडवते, झालं काम. गोंद नको, पाना नको, चुना-सिमेंट नको. आणि ह्या "झालं काम"साठी तुम्ही साध्या एल्बोच्या कितीतरी पट पैसे घेता, ते मी दिले, कुरकुर केली नाही.

बसवला कुठे, तर माझ्या बोटीवर. शिडाची 28 फुटी फायबरची बोट आहे, सेकंडहँड, गेटवेच्या समोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यात बोयाला बांधून, उभी असते. (लगेच श्रीमंत लोकांचे चोचले म्हणू नका, बोटीची किंमत एका बऱ्यापैकी कारएवढी आहे आणि कारला निदान पार्किंगला भरती-ओहोटी नसते.) पावसाळ्यात बोट वर काढलेली असते तेव्हा गोड्या पाण्याची पूर्ण लाईन बदलली. जुने जॉइंट पिवळे पडले होते म्हणून सगळा पाईप, सगळे एल्बो, टी, सगळं तुमचंच घेतलं. का घेतलं? कारण तुमच्या पाकिटावर बोटीचं चित्र आहे. शिडासकट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काय झालं ते. सीझन सुरू झाला आणि मित्र, त्याची बायको, मुलगी असे आम्ही मुरूडला निघालो. खांदेरी, अलिबाग, कोर्लई सगळं मस्त मागे गेलं, संध्याकाळी राजपुरीच्या खाडीत जंजिरा समोर ठेवून नांगर टाकला, जेवलो, झोपलो. आणि मग पंप. ज्याच्या बोटीवर प्रेशर पंप (टाकीतलं पाणी नळाला दाबाने पोचवणारा) आहे त्याला हा आवाज बरोबर माहीत असतो, सगळे नळ बंद आणि तरी दर थोड्या वेळाने एक सेकंद घुर्रर्र. म्हणजे लाईनमध्ये प्रेशर टिकत नाहीये, कुठेतरी पाणी जातंय. उठलो, फळी उचलली, तर बिल्जमध्ये, म्हणजे फळीखालच्या तळात, पाणी. रात्री खाडीत नांगरावर असताना बोटीच्या तळाला पाणी दिसणं म्हणजे काय हे तुमच्या ऑफिसात बसून कळणार नाही. पहिला विचार एकच येतो की समुद्र आत येतोय. अशा वेळी करायचं एकच असतं, हाताचं बोट बुडवून पाणी चाखायचं, खारं असेल तर जीव वाचवा, गोडं असेल तर टाकी वाचवा. मित्राची मुलगी टॉर्च धरून उभी आणि मी बिल्जचं डिझेलचा वास असलेलं पाणी जिभेला लावतोय. गोडं लागलं. तुमच्या एल्बोचं होतं.

आता ह्यातली गंमत बघा. प्रेशर पंप टाकीतलं पाणी एल्बोतून बिल्जमध्ये सोडतोय, बिल्ज भरला की ऑटोमॅटिक बिल्ज पंप तेच पाणी उचलून समुद्रात फेकतोय, आणि दोन्ही पंप एकाच बॅटरीवर. मूरिंगवर नळ नसतो साहेब. 100 लिटरची टाकी आहे, ती 20-20 लिटरचे कॅन छोट्या होडीत घालून, बोटीवर चढवून, फनेल लावून मी भरलेली. ते पाणी मी बॅटरी जाळून अरबी समुद्रात ओततोय. सकाळी चहाला पाणी नाही, आणि बॅटरी एवढी उतरलेली की इंजिन चालू करायचं म्हणजे देवाचं नाव. शेवटी राजपुरीच्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा कप्तान) दोन कॅन पाणी आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडून मी पैसे देऊन जे घेतलं त्यापेक्षा बरी सर्व्हिस मला फुकट मिळाली.

गळती कुठे आहे तेही शोधलं. सिंकखालच्या लॉकरमध्ये, पार मागे, जिथे एक हात जातो आणि डोकं तिरकं करून एक डोळा जातो. प्रत्येक जॉइंट पुसून कोरडा केला, कोरडा टिशू पेपर गुंडाळला आणि वाट बघितली. बाकी सगळे कोरडे, हा एल्बो ओला. पंप बंद केला, नळ उघडून प्रेशर काढलं, कॉलेट सरळ दाबून पाईप बाहेर काढला. पाईप काटकोनात कापलेला आहे, कडा घासलेली आहे, वर ओरखडा नाही, पाईपच्या आत आधाराची छोटी नळी (इन्सर्ट स्लीव्ह) बसवलेली आहे, खुणेपर्यंत आत गेलेला आहे. हे सगळं आत्ताच लिहून ठेवतो कारण तुमचं पहिलं उत्तर "सर इन्स्टॉलेशन बरोबर नसेल" हेच असतं. परत बसवला, परत ओला. त्याच पाकिटातला दुसरा नवाकोरा एल्बो लावला, तोही ओला!

मग घरी आणून टॉर्च मारून आत बघितलं. ओ-रिंग जिथे टेकते त्या भिंतीवर बाहेरून आत जाणारी एक बारीक उभी रेघ उठलेली आहे. डोळ्याला जेमतेम दिसते पण नखाला लागते. ओ-रिंग त्या रेघेवरून जाते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी फट राहते, पाण्याला तेवढं पुरतं. त्या पाकिटातल्या प्रत्येक एल्बोला तीच रेघ, त्याच जागी. आधी दुसऱ्या दुकानातून घेतलेला तुमचाच एक एल्बो पडला होता, त्याची भिंत गुळगुळीत. म्हणजे तुमच्या साच्याची पिन, जिच्याभोवती ही भिंत घडते ती, खरवडली गेलीय आणि तशीच चालू आहे. तुमच्याच पाकिटावर 10 बार प्रेशर छापलंय. माझा 12 व्होल्टचा पंप अडीच-तीन बारला आपोआप बंद होतो. तेवढंही झेपत नाही. मला हे दहा रुपयाच्या टॉर्चने आणि नखाने कळतं तर तुमच्या क्वालिटीवाल्यांना कळू नये? ते नखं कापून येतात का कामावर?

हे सगळं फोटोसकट तुम्हाला कळवलं. उत्तर आलं की फोन करा. म्हणून फोन केला. आणि आता जे लिहितोय ते तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल ("गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाईल", हो ना?), ते काढून ऐका.

मॅडमनी विचारलं, "सर फिटिंग कुठे बसवलंय, किचन की बाथरूम?"

म्हटलं बोटीवर.

"सर, किचन की बाथरूम?"

म्हटलं बोटीवरचं किचन म्हणा.

"ओके सर, किचन. कितवा मजला?"

म्हटलं मॅडम, एल्बो समुद्राच्या पातळीच्या खाली आहे.

"ओके सर, ग्राउंड फ्लोअर लिहिते. सोसायटीचा मेन व्हॉल्व बंद केलाय का?"

मी मॅडमना दोष देत नाही, त्यांच्या स्क्रीनवर जे रकाने आहेत ते त्या भरत होत्या. मी म्हटलं मला टेक्निकलवाल्या कुणाकडे तरी द्या. मग बराच वेळ होल्डवरची ती सनई आणि मग एक सीनियर साहेब. त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पंप, बिल्ज, रेघ, नख, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं चला, कुणीतरी समजदार माणूस भेटला. आणि मग ते हसून म्हणाले, "साहेब, बोट आहे ना, मग थोडंफार पाणी तर येणारच."

मी म्हटलं काय?

"नाही म्हणजे, बोट पाण्यातच असते ना सर. घरात गळलं तर खालच्या फ्लॅटवाल्याला त्रास. तुमच्या खाली कोण आहे?"

माझ्या खाली कोण आहे! माझ्या खाली चार वाव खोल पाणी आहे साहेब! मी दोन मिनिटं काही बोललोच नाही, मग जेवढं जमेल तेवढ्या नम्रपणे समजावलं की बाहेरचं पाणी बाहेर आणि आतलं पाणी आत ठेवणं हाच बोट नावाच्या वस्तूचा धंदा आहे, आणि जे गळतंय ते समुद्राचं नाही, पिण्याचं आहे, टाकीतलं. त्यावर ते म्हणाले, "मग तर काळजीच नाही सर, स्वच्छ पाणी आहे."

स्वच्छ पाणी आहे. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली तू वाढवून सांगतोयस. म्हणून रेकॉर्डिंग काढा म्हणतोय.

पुढे त्यांनी उपाय सांगितला. उपाय एक, जॉइंटवर एम-सील लावा. पॉलिथिलीनच्या पाईपवर, ओल्या जागी, हलणाऱ्या बोटीत एम-सील. ते पाईपला धरतच नाही, दुसऱ्या दिवशी टोपीसारखं निघून हातात येतं. उपाय दोन, "सर बाजारातून अर्धा इंची सीपीव्हीसी एल्बो आणा आणि सॉल्वंट लावून चिकटवून टाका". सीपीव्हीसी म्हणजे वेगळ्याच जातीचं कडक प्लास्टिक. अर्धा इंची सीपीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास जवळपास 15.9 एमएम असतो. माझा, म्हणजे तुमचा, पाईप 15 एमएमचा. त्या एल्बोत तो खुळखुळेल. आणि सॉल्वंट सीपीव्हीसीला विरघळवून जोडतं, पॉलिथिलीनला त्याचं काही वाटत नाही. हे तुमच्या टेक्निकल सीनियरचं ज्ञान. पाईप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस मला स्वतःच्याच पाईपवर दुसऱ्या जातीचा एल्बो गोंदाने चिकटवायला सांगतोय.

मी म्हटलं ते राहू द्या, वॉरंटीमध्ये बदलून द्या. तर म्हणे वॉरंटी फक्त घरगुती वापरासाठी आहे, "मरीन युज कव्हर होत नाही". मी म्हटलं पाकिटावर बोट छापलीय तुम्ही. म्हणे, "सर ते रेप्रेझेंटेशनसाठी असतं." अहो शिडासकट छापलीय! उद्या पाकिटावर विमान छापाल. मी अजून बोलतोय आणि लाईन कट.

फोन कट झाल्यावर लगेच एसएमएस, तुमच्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया रेटिंग द्या, आणि पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट. म्हणजे रेघवाले एल्बो अजून घ्या, पण स्वस्तात.

सध्या बोट चालू आहे ती कशावर सांगतो. तुमचा एल्बो काढून टाकला, जाड रबरी नळीचा तुकडा वळवून दोन्ही पाईपांवर चढवला, प्रत्येक टोकाला स्टीलची क्लिप आवळली. टिशू पेपर कोरडा. तांडेलकाकांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं, वर म्हणाले होते की असल्या ढकलून बसवायच्या वस्तूंवर आपला विश्वास नाही. मी तेव्हा तुमची बाजू घेतली होती, की नाही काका, चांगली कंपनी आहे. घरी, गावच्या घरी, सगळीकडे तुमचंच पाईपकाम आहे आणि कधी थेंब गळला नाही. म्हणून तर जास्त राग आलाय. फालतू कंपनी असती तर एल्बो फेकून दिला असता आणि हे लिहायला बसलो नसतो.

आता मला काय हवंय. त्या पाकिटाचे पूर्ण पैसे परत, सूट नको, कूपन नको. त्या बॅचचा माल दुकानांतून परत घ्या, आणि साच्याची ती पिन बदलल्याचं लेखी कळवा, कारण हाच एल्बो कुणाच्या घरी भिंतीच्या आत टाइलखाली बसवलेला असेल आणि त्याला घुर्रर्र करून उठवणारा पंपही नसेल, त्याला कळेल तेव्हा खालच्या फ्लॅटचं छत खाली आलेलं असेल. आणि तुमच्या त्या सीनियर साहेबांची लेखी माफी, "स्वच्छ पाणी आहे" ह्याबद्दल.

15 दिवस थांबतो. नाहीतर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला नोंदवतो, आणि तिथेही तुम्ही किचन की बाथरूम सुरू केलंत तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूसाठी उत्पादकाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरणच आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, म्हणजे माझं जाणार काही नाही आणि वेळ मला भरपूर आहे, रिटायर झालोय.

रेघवाले सगळे एल्बो झिपच्या पिशवीत पाकिटासकट ठेवलेत, बॅच नंबर दिसेल असे. कुरिअरने पाठवणार नाही, ते तुमच्याकडे हरवतील हे मला आत्ताच माहीत आहे. ज्याला तपासायचेत त्याने गेटवेला यावं, छोट्या होडीतून बोटीवर मी नेतो, लाईफ जॅकेट माझ्याकडे आहे. शक्यतो त्याच सीनियर साहेबांना पाठवा. सिंकखाली डोकं घालायचं आहे, कपडे जुने घालून या म्हणावं.

तुमचा अजून तरी ग्राहक
(नाव, पत्ता, बिल नंबर तुमच्याकडे "किचन, ग्राउंड फ्लोअर" ह्या नोंदीखाली आहे)