अल्पमुदतीच्या भाड्याने घर देणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपले घर किंवा त्यातील खोली काही दिवसांच्या मुक्कामासाठी भाड्याने देण्यापूर्वी नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे का, याची खात्री स्थानिक प्रशासनाच्या कार्यालयातूनच करून घ्यावी. बुकिंगच्या संकेतस्थळाने जाहिरात स्वीकारली म्हणजे परवानगी मिळाली, असा समज करून घेऊ नये.

हे नियम शहरागणिक बदलतात. लंडनमध्ये संपूर्ण घर एका वर्षात 90 रात्रींपेक्षा अधिक काळ असे द्यायचे झाल्यास नियोजनविषयक परवानगी लागते, तर न्यूयॉर्क शहरात 30 दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी, त्याचे त्याच घरात वास्तव्य आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे, या अटींची अंमलबजावणी सप्टेंबर 2023 पासून होत आहे. त्यामुळे अन्य ठिकाणच्या सभासदाचा सल्ला, तो कितीही सद्भावनेने दिलेला असला तरी, आपल्याला लागू पडेलच असे नाही.

रात्रींची मर्यादा असेल तेथे आगमन-प्रस्थानाच्या तारखांची नोंदवही ठेवावी. शुक्रवारी येऊन रविवारी जाणाऱ्या पाहुण्याच्या रात्री दोनच होतात, तीन नव्हेत. गफलत होते ती बहुधा अशाच हिशोबात.

गृहनिर्माण संस्थेचे नियम आणि कर्जाच्या करारातील अटी स्वतंत्रपणे तपासाव्यात. घराच्या नेहमीच्या विम्यात पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांमुळे झालेले नुकसान अनेकदा समाविष्ट नसते, म्हणून विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. धूरसूचक यंत्र प्रत्येक नव्या पाहुण्याच्या आगमनापूर्वी बटण दाबून तपासावे आणि जिन्याची वाट सामानाने अडवू नये.