नाव लिहू नकोस

मॉन्टगोमरी, अलाबामा
५ डिसेंबर

प्रिय सखे,

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. "तिकडे जाऊन हे काय मांडलंयस, आणि पैसा कुठून आणणार?" असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नव्हतं. आज निवांत बसलेय, आणि आज तारीखही तशीच आहे.

आधी काम सांगते. या गावात गाडी नसली की माणूस घरातच अडकतो. बस आहेत, पण नावाला. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं, दंड झाला, तो भरता आला नाही, की कोर्टाची तारीख लागते. त्या दिवशी पोचायला वाहन मिळालं नाही, तर वॉरंट निघतं. चुकलेला माणूस गोरा असला आणि खिशात पैसे असले, तर प्रकरण तिथल्या तिथे मिटतं. कृष्णवर्णीय वस्तीतल्या माणसाचं तेच प्रकरण वर्षभर त्याच्या मागे लागतं. नऊ वर्षं मी हे डोळ्यांनी पाहतेय. म्हणून आम्ही सात जणी तारखेच्या दिवशी त्या माणसाला घरून घेतो, कोर्टात त्याच्या शेजारी बसतो, काय घडलं ते वहीत टिपतो आणि परत सोडतो. बस्स, एवढंच. पण त्याला पेट्रोल लागतं, स्वयंसेवकांच्या गाड्यांचा वेगळा विमा लागतो. संस्थेला करमाफी मिळावी म्हणून अर्ज करायचा, तर छोट्या संस्थेलाही २७५ डॉलर फी आहे.

आता आजची तारीख. १ डिसेंबर १९५५ ला याच गावात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून, अटक झाली आणि ५ तारखेला कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस चालला तो. हे तुला ठाऊक आहे, शाळेत धडा होता आपल्याला. पण त्या ३८१ दिवसांचा खर्च कसा भागला, हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. माणसांना कामावर पोचवायला सुमारे ३०० गाड्या फिरत होत्या. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या, त्यांचा विमा कंपन्या पुन्हा पुन्हा रद्द करायच्या, शेवटी लंडनहून विमा मिळवला. बाहेरच्या शहरांतून, कामगार संघटनांकडून मोठ्या रकमा आल्या हे खरंच. पण गावातला पैसा बायकांनी उभा केला, आणि तोही चुलीवर.

जॉर्जिया गिलमोर नावाच्या एक बाई होत्या. खानावळीत स्वयंपाकीण, सहा मुलांची आई. सभेला येणाऱ्यांना त्या तळलेल्या कोंबडीचे सँडविच विकायच्या. मग बायका जमवल्या, घरोघरी केक आणि 'पाय' म्हणतात ती सारण भरलेली पेस्ट्री भाजून विकायला लागल्या. आठवड्याला शंभराच्या वर डॉलर त्या भर सभेत आणून द्यायच्या. गटाचं नाव काय ठेवलं, तर 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठूनच नाही' मंडळ. कारण करणाऱ्या बायका गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या. मालकिणीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं, तर उत्तर खरंच द्यायचं: कुठूनच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बायकांनी आपलं मंडळ काढलं आणि कोण जास्त जमवतं याची चढाओढ लागली. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर या बहिष्कारावरून खटला झाला तेव्हा गिलमोरबाईंनी उभं राहून साक्ष दिली: ड्रायव्हरने भाडं घेतलं, मागच्या दाराने चढ म्हणून खाली उतरवलं आणि बस घेऊन निघून गेला. त्या साक्षीनंतर त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरातच खानावळ घातली, किंग यांनीच त्यासाठी हातभार लावला.

हे वाचलं तेव्हा मला तुझी आजी आठवली गं. दळायला बसण्याआधी मूठभर ज्वारी बाजूच्या गाडग्यात टाकायची ती, बोर्डिंगच्या पोरांसाठी. कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा, मुष्टिफंड. आणि अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या सगळ्या जातींच्या पोरांना जेवू घालण्यासाठी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. दोन्हीकडे जे उभं राहिलं त्याखाली बायकांच्या घरातला दाणा आहे.

आम्हीही तसंच सुरू केलं. महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या मागच्या अंगणात टेबलं मांडतो. मासे, कोलार्डची भाजी, पीच कॉबलर, आणि माझे बटाटेवडे. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई ऐंशीच्या आहेत. मी त्यांना मावशीच म्हणते. बहिष्काराच्या साली त्यांची आई रोज कामावर पायी जायची. पैशांचा डबा त्यांच्या मांडीवर असतो. बिस्किटांचा जुना निळा डबा, झाकणाला पोचा आलेला. पहिल्या शनिवारी रात्री आम्ही त्यातल्या नोटा टेबलावर पसरल्या. बहुतेक एक-एक डॉलरच्या, तेलकट, काही चार घड्या घातलेल्या. मावशींनी प्रत्येक नोट तळहाताने सरळ केली, मगच मोजली. ४१२ डॉलर आणि थोडी चिल्लर. मला रडू आलं, खरंच.

तिसऱ्या महिन्यात एक मोठा धनादेश चालून आला. दहा हजार. देणारा माणूस गोड बोलणारा, गावात वजन असलेला. म्हणाला, पैसे घ्या, फक्त संस्थेच्या नावातून 'वांशिक न्याय' काढा, 'एकोपा' वगैरे ठेवा. आणि कोर्टात बसून वहीत लिहिणं थांबवा, त्याने उगाच कटुता येते. सखे, तुला खरं सांगते, मला घ्यावेसे वाटले. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीची गाडी बंद पडली होती आणि दोन माणसांची तारीख चुकली होती. मी हिशोब मांडून दाखवला, दहा हजारांत किती फेऱ्या होतील ते. मावशी सगळं ऐकत होत्या. मग एवढंच विचारलं, "आणि मग त्या डब्यात डॉलर टाकणाऱ्या माणसाला आपण काय सांगायचं?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून नाही म्हणाले.

त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पैसा ज्याचा, शब्द त्याचा. पुढे अनुदान मिळालं तर घेऊ, आमचं त्याच्याशी वैर नाही. पण पहिला पैसा ज्यांच्यासाठी काम आहे त्यांचाच हवा, म्हणजे उद्या कुणी वही बंद करा म्हटलं, तर नाही म्हणायला बळ राहतं.

आपल्या लोकांकडे मागायला गेले तो अनुभव जड गेला. "त्यांच्या भांडणात आपण कशाला?" हे पाच-सहा घरांत ऐकलं. मी प्रत्येक ठिकाणी एकच सांगत होते. १९६५ पर्यंत या देशात भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम शंभर व्हिसांचा कोटा होता. नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून काढला, त्याच वर्षी तो वंशावर बेतलेला कोटा मोडणारा कायदा झाला. आपण इथे आलो ते आपल्या हुशारीवर, हे अर्धंच खरं. दार दुसऱ्यांनी चालून चालून उघडलं. आणि आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये, सातासमुद्रापार गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं होतं. त्यांना हे भांडण दुसऱ्याचं वाटलं नव्हतं.

काहींना पटलं, काहींना नाही. पण परवा रात्री एक मराठी शेजारीण मागच्या दाराने आली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज अडकलाय, त्यामुळे दोघं सारखी धास्तावलेली असतात. हळदीकुंकवाचं छापील पाकीट माझ्या हातात कोंबलं, आत पन्नास डॉलर. म्हणाली, "दर महिन्याला देईन. पण नाव लिहू नकोस हं." मी कागदावर सही करू शकते कारण माझं नागरिकत्व झालंय. तिचं नाही, म्हणून तिला भ्याड म्हणायची माझी छाती नाही. वहीत तिच्या रकमेपुढे मी लिहिलं: कुठूनच नाही.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. पैसे नकोत. आजीच्या गल्लीत ते धान्य गोळा करायला जे यायचे, ते नोंद कशी ठेवायचे? घरागणिक की गावागणिक? मापाने की वजनाने? तुझ्या थोरल्या काकांना नक्की आठवत असेल. आमच्या वहीत सध्या सगळा गोंधळ आहे. कुणी डॉलर देतं, कुणी तेलाचा डबा, कुणी दोन तास गाडी चालवतं, आणि ते सगळं देणगी म्हणून कसं लिहायचं ते कळत नाहीये. काकांना विचार आणि लवकर कळव. शनिवारच्या आत आलं तर फार बरं, त्या दिवशी मावशींसमोर नवी वही उघडायची आहे.

तुझीच