बाबा, यावेळी कॅसेट पलटू नका

लॉस एंजेलिस

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

आई म्हणाली तुम्हाला फोनवर हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय, दादा प्रिंट काढून देईल. इंदूरला थंडी पडली असेल, सकाळी पोहे आणायला जाताना मफलर घाला.

दादाची ती नव्वद मिनिटांची कॅसेट आठवते का? राजवाड्याजवळच्या दुकानातून भरून आणलेली, एका बाजूला मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आणि दुसऱ्या बाजूला तुमची कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. अख्खा अल्बम 42 मिनिटांचा, एका बाजूत बरोब्बर मावला म्हणून दादाला कोण आनंद! तुम्ही ऑफिसातून आलात की आधी कॅसेट पलटायचे, आरडाओरडा बंद करा म्हणायचे. मी तेव्हा तुमच्याच बाजूने होते, पण मागच्या रविवारी एका मैत्रिणीकडे तो रेकॉर्डवर, चांगल्या स्पीकरवर ऐकला आणि वाटलं की बाबांना हे कोणीतरी नीट समजवायला हवं होतं. तर आता मीच सांगते.

'बिली जीन' घ्या. आधी नुसता ड्रम, मग बेस, मग सिंथेसायझरचे तुटक सूर, आणि गाणारा जवळपास अर्धा मिनिट तोंडच उघडत नाही. प्रोड्युसर क्विन्सी जोन्सना ही सुरुवात फार लांब वाटली, छाटू म्हणाले, तर मायकल म्हणाला नाही, ह्यानेच तर मला नाचावंसं वाटतं. बाबा, अमीर खाँसाहेबांचा विलंबित ऐकवताना तुम्हीच सांगायचा ना, घाई कसली, आधी जागा तर तयार होऊ दे? अहो हे तेच आहे. चोवीस वर्षांचा मुलगा होता तो, आणि त्याला हे कळत होतं.

आणि मेहनत किती! साउंड इंजिनियर ब्रूस स्वेडियन, त्यांनी ह्या एका गाण्याची 91 मिक्स केली, म्हणजे कुठला आवाज पुढे, कुठला मागे हे 91 वेळा नव्याने बसवलं, आणि शेवटी घेतलं ते दुसऱ्या क्रमांकाचं. काही ओळी मायकलला सहा फुटी पुठ्ठ्याच्या नळीतून गायला लावल्या. मुख्य गाणं मात्र एका टेकमध्ये. हे सगळं मी राहते त्याच शहरात, वेस्टलेक स्टुडिओत, 1982 मध्ये. सगळं संपल्यावर अख्खा अल्बम ऐकला तर बिघडलेला, कारण रेकॉर्डच्या एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात, आवाज पातळ पडतो. मायकल रडला. मग गाणी छाटली, एकेक पुन्हा मिक्स केलं.

बाकी खप वगैरे दादा सांगेल, 37 आठवडे पहिला नंबर त्याला तोंडपाठ आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तेव्हा इथे गोऱ्यांचं रॉक एका रेडिओवर आणि काळ्या गायकांचं संगीत दुसऱ्यावर अशी वाटणी होती, एमटीव्हीवरही काळे कलाकार फार कमी दिसायचे. 'बीट इट'मध्ये रॉकवाला एडी व्हॅन हेलन गिटार वाजवून गेला, एक पैसा न घेता, आणि हा अल्बम दोन्हीकडे वाजला, मग ते दार पुन्हा बंद करणं कोणालाच सोपं राहिलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. अल्बममधल्या पहिल्या गाण्याच्या शेवटी जो घोष आहे तो कॅमेरूनच्या मनू दिबांगोच्या 1972 च्या गाण्यावरून घेतलेला, न विचारता, नंतर तडजोड झाली म्हणे. दुसऱ्याची चीज गाताना आधी नाव घ्यावं हे तुम्ही शिकवलंत, ते इथे व्हायला हवं होतं.

1 नोव्हेंबर 1996 ला मायकलचा मुंबईत अंधेरीला कार्यक्रम झाला तेव्हा दादाने अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढू का विचारलं होतं आणि तुम्ही नाही म्हणालात. दादा आजही त्यावर बोलत नाही. बाबा, तुम्हीच एकदा विषय काढा ना त्याच्याकडे.

ती कॅसेट माळ्यावरच्या निळ्या पेटीत असेल. चालत नसेल तर दादाच्या मोबाईलवर, हेडफोन लावून, रात्री सगळे झोपल्यावर 'ह्यूमन नेचर' ऐका, त्यात अजिबात आरडाओरडा नाही. आणि भजनं आधी नको, ती नंतर.

आईला नमस्कार.

तुमची धाकटी