कृष्णाकाठच्या पोहणाऱ्यांनो, मनापासून आभार

बदली होऊन सांगलीत आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. माई घाटावर पहाटे पोहणाऱ्या तुमच्या ग्रुपनं मला लगेच आपल्यात घेतलं. धार ओढते तिथं एक काका न सांगता धारेच्या खालच्या बाजूनं, माझ्याच वेगानं पोहायचे.

पण जास्त ऋण पाण्याबाहेरचं आहे. काकडत बसले असताना स्वतःचा कोरडा टॉवेल देणाऱ्या ताई, थर्मासमधला आल्याचा चहा, पेपरावर ओतलेलं भडंग आणि त्यावर भराभर कांदा चिरणारे हात! पावसाळ्यात कृष्णा फुगली की पोहणं बंद, चहा मात्र चालूच. हे मला फार आवडतं. आई मिरजेत दवाखान्यात होती तेव्हा आळीपाळीनं डबे आणलेत. नावं लिहिलेली तुम्हाला चालणार नाहीत. आई आता बरी आहे, रविवारी तिला भेटायला घेऊन येते.